किती खायचे ते तिने ठरवायचे

माझी मुलगी आठ वर्षांची असताना नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी तिचे वजन आणि उंची मोजली, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढला आणि तो वाढीच्या तक्त्यावर मांडून दाखवला. मोठ्या माणसांत २५ च्या वरचा बीएमआय जास्त वजनाचा समजतात. मुलांत मात्र वयानुसार आणि मुलगा की मुलगी यानुसार ही सीमा बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वर्षे वयोगटासाठीच्या २००७ मधील तक्त्यात मध्यरेषेपासून एक प्रमाण विचलनाच्या (मध्यापासूनचे अंतर मोजण्याचे संख्याशास्त्रातले माप) वर गेल्यास वजन जास्त आणि दोनच्या वर गेल्यास स्थूलता मानतात. माझी मुलगी पहिली रेषा ओलांडून गेली होती. डॉक्टरांना त्याहून महत्त्वाचे वाटले ते असे, की आधीच्या प्रत्येक नोंदीपेक्षा पुढची नोंद वर सरकलेली होती.

त्यांनी रक्तदाब मोजला, मानेची आणि काखेची त्वचा काळवंडून जाड झाली आहे का हे पाहिले, कारण शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती एक खूण असू शकते. थायरॉइडची शंका आम्हीच काढली. तशा आजारात वजनाबरोबर उंची वाढत नाही, ती मागे पडते. हिची उंची व्यवस्थित वाढते आहे, असे सांगून त्यांनी तो विषय संपवला.

वजन उतरवायचे नाही, हे त्यांचे पुढचे वाक्य आम्हाला अनपेक्षित होते. या वयात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढते; तेवढ्या काळात वजन आहे तिथे राहिले किंवा अगदी सावकाश वाढले, तरी बीएमआय आपोआप खाली येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या दृष्टीने वजन जास्त म्हणजे जेवण कमी, असा सरळ हिशेब होता.

आहारतज्ज्ञांनी आम्हाला जी पद्धत सांगितली ती एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली आहे: काय खायचे, केव्हा आणि कुठे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. ऐकायला सोपी वाटणारी ही विभागणी पाळताना मला सर्वांत जड गेली ती तिची दुसरी बाजू. वजन जास्त आहे असे कळलेल्या मुलीने आणखी वाढून घेण्यासाठी हात पुढे केला, की गप्प बसणे फार कठीण असते. पण ताट संपवण्याचा आग्रह काय किंवा मध्येच पुरे म्हणणे काय, दोन्हींमुळे मुलाचे लक्ष स्वतःच्या भुकेवरून उडून आपल्या चेहऱ्याकडे लागते. जेवणाच्या वेळा पक्क्या झाल्यावर आणि जेवताना टीव्ही-मोबाइलचा पडदा बंद राहू लागल्यावर ती अधूनमधून अर्धे ताट ठेवून उठू लागली, आणि मग तेही निमूट पाहणे मला शिकावे लागले.

गोड खाऊ कुलूपबंद करावा, अशी सूचना घरातूनच आली होती. आहारतज्ज्ञांनी ती मोडून काढली. लिअन बर्च आणि जेनिफर फिशर या संशोधकांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, डोळ्यांसमोर असून हाती न लागणाऱ्या खाऊची ओढ मुलांमध्ये वाढलेली दिसली होती. म्हणून आम्ही तो घरात मुळातच कमी आणू लागलो, आणि जेव्हा आणला तेव्हा बक्षीस म्हणून न देता जेवणाबरोबर इतर पदार्थांसारखाच वाढला. फळांचा रस बंद करून फळ देणे हा बदल सर्वांत कमी भांडणात झाला. रसातली साखरही, वरून घातलेल्या साखरेप्रमाणे, मुक्त साखरेतच मोजली जाते आणि अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१५ चे मार्गदर्शन सांगते.

भाज्यांच्या बाबतीत चिकाटीला पर्याय नव्हता. नकोशी चव अंगवळणी पडायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती चाखावी लागते. त्यामुळे एक लहानसा तुकडा ताटात ठेवायचा आणि त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही, असे ठरले. काही भाज्या तिने स्वीकारल्या, काही आजही तशाच परत येतात. रोज तासभर पळापळीचा खेळ तिला आवडलाच. झोपेचे मात्र जमेना: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि आमचे घर उशिरा जागणारे, तेव्हा दिवे लवकर मालवणे हे आम्हा मोठ्यांनाच अंगी बाणवावे लागले.

तिच्या शरीराविषयी तिच्यासमोर काहीही बोलायचे नाही, हा नियम मी पाहुण्यांनाही लावला, आणि त्यातून काही रुसवेफुगवे झाले. चिडवल्याने मुले सडपातळ होत नाहीत. ती लपून खाऊ लागतात, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या तपासण्यांत तिचे वजन किंचित वाढलेलेच निघाले, पण तक्त्यावरची चढती रेषा आडवी झाली आणि नंतर थोडी खाली वळली. वयात येताना वजन झपाट्याने वाढणे स्वाभाविक असते, तेव्हा केवळ त्या वाढीने घाबरून जेवणावर बंधने घालू नका, असे डॉक्टरांनी आताच बजावले आहे. तोवर वजन त्यांच्याकडेच, ठरल्या वेळी मोजायचे. घरातला काटा आम्ही काढून टाकला आहे.