तांबडी उठत होती, मी बसवत होते

मंगळवार, रात्रीचे बारा वाजून गेलेत

झोप नाही. अंगाला खाज सुटलीये, खरी का मनाची काही कळत नाही, दोनदा आंघोळ करून झाली.

काल रात्री लाईट गेले म्हणून मोबाईलचा टॉर्च घेऊन खुराड्याचं दार बघायला गेले आणि आतल्या बांबूवर हात टेकला तर हातावर काहीतरी बारीक चालल्यासारखं वाटलं. टॉर्च मारला तर सुतळीची गाठ हलत होती. अख्खी गाठ! चिरडलं तर बोट लाल. ते रक्त किड्यांचं नाही, माझ्या तांबडी कोंबडीचं, हे डोक्यात शिरायलाच मिनिटभर गेलं.

दिवसा काही म्हणजे काही दिसत नाही. बांबूच्या फटीत, गाठीत, चिऱ्याच्या भोकांत दडून बसतात, अंधार पडला की येतात, रक्त पितात, परत जागेवर. डॉक्टर म्हणाले कोंबडीला न्हाऊ घालून उपयोग नाही, हा किडा कोंबडीवर राहतच नाही, खुराड्यात राहतो, आणि उपाशी कित्येक महिने काढतो. ह्या उकाड्यात आठवडा-दहा दिवसात नवी पिढी तयार, म्हणून पावडर एकदा मारून भागणार नाही, सात दिवसांनी परत.

ते करू. माझं अडलंय दुसरीकडेच.

तांबडी खुडूक, नऊ अंड्यांवर बसवलेली. सोळाव्या दिवशी उठायला लागली आणि मी तिला दोनदा धरून परत बसवली, वर पाठीवरून हात फिरवून, बस गं बाई, पाचच दिवस राहिले. तुरा पांढरा पडलेला दिसत होता की मला! पण खुडूक कोंबडी धड खात नाही, उतरते, असं मीच ठरवून टाकलं. मानमोडीची धास्ती होती म्हणून मान बघितली, हगवण बघितली, पंखसुद्धा उचलून बघितले. सगळं दिवसाउजेडी. रात्री जागची न हलणारी कोंबडी म्हणजे त्यांना आयती पंगत, आणि पानावर वाढणारी मी.

बाकीच्याही सांगत होत्याच. कवडी आठ दिवस संध्याकाळी आत जायला तयार नाही, फणसावर नाहीतर स्कूटरच्या सीटवर. मी काठी घेऊन मागे. वैनीला म्हटलंसुद्धा, शेफारल्यात नुसत्या. मुंगसाच्या भीतीने आत कोंडत होते हो, दुसरं काय.

आणि तांबडीला काय म्हणाले, तर हिला आई होणं जमायचं नाही. मी म्हणाले हे. मी. जाऊ दे.

आई दर उन्हाळ्यात खुराड्याला चुना काढायची. मला वाटायचं शोभेला.

आज सकाळपासून तेच. बांबू आणि सुतळ्या जाळल्या. काका म्हणाले रॉकेल मार, रॉकेल आता मिळतंय कुठे. जांभ्याचा चिरा म्हणजे नुसती भोकं, एकेका भोकात चुना दाबून भरला, नव्या बांबूला करंजेल चोळलं, राखमातीचा खड्डा करून दिला तर सगळ्याजणी त्यात लोळल्या, रुसवा नाही काही नाही. हा म्हणतो, आपल्या लग्नात घराला एवढा रंग नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस अंडी खायची नाहीत, म्हणून परसात सात कोंबड्या असून मी दुकानातून सहा अंडी आणली. दुकानदाराने एकदा अंड्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, पिशवी द्या.

बाकीच्या आज पडवीत डालग्याखाली आहेत. कवडीचा निषेध चालू आहे, इथपर्यंत ऐकू येतोय.

तांबडी हातात घेतली तर वजनच लागत नाही. गुळाचं पाणी प्यायली थोडं. अंडी कोरड्या फडक्याने पुसून नव्या पाटीत ठेवली, टॉर्चवर धरली तेव्हा दोनात हालचाल दिसली, बाकीच्यांचं कळत नाही. आज एकोणिसावा. ह्यावेळी तिला धरून नाही बसवली. पाटी शेजारी ठेवली आणि अर्धा तास उभी राहिले, ती पाटीकडे बघत, मी तिच्याकडे, हा आतून विचारतोय जेवणार आहेस का, आणि मला डास फोडून काढतायत. शेवटी आत आले.

मघापासून जाऊन बघावंसं वाटतंय. पण बसली असली आणि मी टॉर्च मारला, तर उठेल.