बहिणीचा अकरावीचा फॉर्म मी भरला

बहिणीच्या शाळेतले वर्गशिक्षक दहावीच्या मुलांना दिवाळीपासूनच सांगत होते, "कागद काढायला लागा." बहिणीनं घरी येऊन सांगितलं आणि मी ते मनावर घेतलं नाही. मी स्वतः बारावीनंतर औषधांच्या दुकानात लागलो. जातीच्या दाखल्यावाचून माझं काही अडलं नव्हतं, त्यामुळे घरात कुणाचाच दाखला नव्हता. जानेवारीत सेतू केंद्रात गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला : १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा आहे का?

आम्ही ओबीसीत येतो. त्या तारखेआधी आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि आपली जात तीच होती, हे कागदानं दाखवावं लागतं. सगळ्यात चालणारा कागद म्हणजे आजोबांच्या शाळेचा उतारा. आता आमचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. मी खिडकीवर तसं सांगितलं, तर आतला माणूस म्हणाला, "मग पणजोबांचा बघा." मागे रांगेत उभ्या एका बाईंना हसू आलं. मलाही आलं, पण नंतर बसमध्ये.

वडील सोसायटीत वॉचमन, आई तीन घरी पोळ्या करते. आम्ही पुण्यात अप्परला राहतो, गाव बार्शी तालुक्यात. आजीला फोन केला तेव्हा कळलं, की आजोबांचे थोरले भाऊ थोडे दिवस शाळेत जात होते. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा उतारा आणि सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, असं चालतं. एका रविवारी रात्री एसटी धरली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. पानांच्या कडा हात लावला की गळत होत्या. शाई जांभळट झालेली. गुरुजी पट्टी ठेवून एकेक ओळ खाली येत होते. आडनाव जरा वेगळं लिहिलेलं, म्हणून पहिल्या खेपेला हुकलं. दुसऱ्या खेपेला सापडलं. नाव, जात, जन्मतारीख, इयत्ता २ री. शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचं कारण : सतत गैरहजर.

आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गैरहजर कशाला, पाटलाची म्हसरं राखायला होता. शाळेच्या मागंच तर असायचा."

त्या एका ओळीवर जातीचा दाखला निघाला. मग वडिलांच्या पगाराचे कागद, तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, त्यावर नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे असा दाखला. एकूण सात खाडे झाले माझे. दुकानाचे मालक चांगले, पण खाड्याचे पैसे कापतातच.

१३ मे २०२५ ला निकाल लागला. बहिणीला ९१.२० टक्के. मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, क्लास फक्त गणिताचा, तोही शेवटचे चार महिने. तिला सायन्स घ्यायचं होतं, आणि डेक्कनकडचं एक जुनं कॉलेज तिच्या डोक्यात आठवीपासून बसलेलं.

ऑनलाइन प्रवेश आधी पुणे-पिंपरी, मुंबई, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरता होता. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाला. २१ मे ला नोंदणी सुरू होणार म्हणून मी सुट्टी टाकली आणि त्याच दिवशी वेबसाइट झोपली. नोंदणी पुन्हा २६ पासून. आमचं नॉन क्रिमीलेअर तेव्हा यायचंच होतं, त्यामुळे साइट पडली याचा आनंद झालेली सबंध राज्यात बहुतेक आम्हीच माणसं.

फॉर्म सायबर कॅफेत भरला. पहिला भाग माहितीचा, दुसरा पसंतीक्रमाचा. दहा कॉलेजं टाकता येतात. यादीत प्रत्येक नावापुढे अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित असं लिहिलेलं असतं, आणि खरी मेख तिथंच. अनुदानित तुकडीत मुलींना शिक्षण शुल्क माफ असतं, बाकीची किरकोळ फी. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीची फी विचारली तर एका ठिकाणी बेचाळीस हजार सांगितली. एकाच इमारतीत दोन्ही तुकड्या असू शकतात, आणि एक चुकीचा कोड टाकला की संपलं. म्हणून मी भीतीनं पाचच नावं टाकली.

कॅफेवाला म्हणाला, "जे नक्की मिळणार ते एक नंबरला टाका. मोठं नाव वर टाकलं की फॉर्म वाया जातो." डेक्कनचं कॉलेज मागच्या वर्षी आमच्या प्रवर्गात तिच्या टक्क्यांच्या जरासं वर बंद झालं होतं. मी ते चौथ्या नंबरवर ढकललं. एक नंबरला सातारा रस्त्यावरचं, बसनं वीस मिनिटांचं. बहीण म्हणाली, "दादा, वरच राहू दे ना." मी म्हणालो, तुला कळत नाही.

जूनच्या मध्यात, अजून आमची यादी लागायची होती, तेव्हा आई जिथे पोळ्या करते तिथल्या मुलाचा प्रवेश होऊन पेढेही आले. त्याला ८४ टक्के. त्याच्या शाळेचंच ज्युनिअर कॉलेज आहे आणि अशा मुलांसाठी दहा टक्के जागा इनहाउस कोट्यात असतात. मुलगा गुणी आहे, त्यानं काही चोरलेलं नाही. पण तो कोटा दहावीत मिळत नाही, ज्युनिअर केजीची फी भरली त्या दिवशी मिळतो.

पेढे देताना त्या काकूंनी आईला विचारलं, नावं कशी टाकलीत? आईनं घरी येऊन मला फोन लावून दिला. काकू म्हणाल्या, "अरे, मोठं नाव वर टाकल्यानं काही वाया जात नाही. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो, वरचं नाही बसलं तर खालचं देतो." त्यांनी यासाठी पैसे देऊन समुपदेशक लावला होता. तोवर पसंतीक्रम लॉक झालेले.

२८ जूनला पहिली यादी लागली. पहिलाच पसंतीक्रम मिळाला. डेक्कनच्या कॉलेजचा आमच्या प्रवर्गाचा कटऑफ ९०.८० ला आला होता. आणि नियम असा, की पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घ्यायचाच. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. साडेचार लाखांहून जास्त मुलांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. त्यात आमचीही गणती.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बसच्या पाससाठी फोटो मागितले.

कॉलेज वाईट नाही. फिजिक्सचे सर मराठीतून विचारलेलं मराठीतून समजावतात, हे तिनं आपणहून सांगितलं. मी अजून डेक्कनला गेलो की त्या फाटकाकडे बघत नाही, हा माझा प्रश्न.

थोरल्या आजोबांचा उतारा आता घरात प्लास्टिकच्या फाइलमध्ये असतो. चुलतभाऊ आठवीत आहे, त्याच्या दाखल्याला तोच लागणार. परवा तो विषय निघाला तेव्हा बहीण म्हणाली, "कागदांसाठी तू पळ. फॉर्म मी भरणार."