खानापूरकडचा पंधरा ऑगस्ट

कागल सुटून कोगनोळीचा टोल आला की रस्ता तोच, ऊसही तोच, फक्त पाट्यांची लिपी बदलते आणि चौकाचौकात झेंडे दिसायला लागतात. एका चौकात कानडी लाल-पिवळा, पुढच्या गल्लीच्या तोंडाशी मराठी भगवा, आणि ऑगस्टचा दुसरा आठवडा असल्यामुळे मधे मधे रिक्षांवर, टपऱ्यांवर तिरंगा. बेळगावात झेंडा कुणी शोभेसाठी लावत नाही, इथं झेंडा म्हणजे 'हे गाव कुणाचं' या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि त्यावरून डोकी फुटलेली आहेत, बस अडवल्या गेल्यात, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाने चौकात उभं राहून यावर मोठ्याने मत देऊ नये हा माझा सल्ला.

बेळगावातला मुक्काम काही फार चांगला झाला नाही. स्टँडजवळचं लॉज ओलसर, बाथरूमची कडी लागत नव्हती, आणि सुट्ट्या जोडून आल्यामुळे सगळीकडे गर्दी. किल्ल्याजवळच्या तलावावर 2018 साली उभारलेला 110 मीटरचा ध्वजस्तंभ बघायला गेलो तर नुसताच खांब. पावसाळी वाऱ्यात एवढं मोठं कापड टिकत नाही, फाटतं, असं चहावाल्याने सांगितलं. खाली मात्र सेल्फी चालूच होत्या. मला ते आवडलं नाही. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा पाहिली, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. कुंदा घेतला आणि चौदा तारखेला दुपारी खानापूरची बस पकडली, कारण मामाचा फोनवर फोन, 'उद्या झेंडावंदनाला इथंच पायजेस.'

मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालेला, आता थोडी भातशेती. त्याच्या गावात मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत, मधे एक पटांगण आणि पटांगणात एकच खांब. पंधरा ऑगस्टला एका शाळेने झेंडा चढवायचा, सव्वीस जानेवारीला दुसऱ्या शाळेने, असं त्यांचं आपापसात ठरलेलं आहे. तयारी मात्र दोघांनी मिळून करायची.

चौदाच्या संध्याकाळी मामाबरोबर मीही गेलो. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कन्नड शाळेचे हेडमास्तर, मराठी शाळेच्या बाई, मामा आणि चारपाच पोरं, सगळे व्हरांड्यात. बाईंनी कपाटातून झेंडा काढला. खादीचा होता, हुबळीच्या बेंगेरीतल्या खादी संघातून आणलेला. देशात बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणपत्राचा खादीचा राष्ट्रध्वज तिथे तयार होतो, लाल किल्ल्यापासून खेड्यातल्या शाळेपर्यंत जातो, हे मला आधी वाचून माहीत होतं पण हातात पहिल्यांदाच घेतला. कापड जाडसर, थोडं खरखरीत, चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंनी बरोबर एकावर एक आलेले, आणि दांड्याकडची कड पांढऱ्या दणकट कापडाची, तिच्यात दोरी शिवलेली आणि वरच्या टोकाला लाकडी गुल्ली. मामाने ती गुल्ली दोनदा ओढून पाहिली. मग तिघांनी मिळून घडी घातली, बाईंनी आत झेंडूच्या आणि जास्वंदीच्या पाकळ्या टाकल्या, वरून सुरगाठ.

आता रंगीत तालीम करायची तर खांबाची दोरी पावसाने फुगून कप्पीत अडकली. हेडमास्तर स्वतः बाकावर चढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने दोरी हिसडतायत, आणि खालून मामा दोरी ताणून उभा. सर वरून ओरडले, 'हग्ग गट्टी हिडीरी!' म्हणजे दोरी घट्ट धरा. मामा म्हणाला, 'हिडदीनी (धरलीय) सर, तुम्ही पडू नका.' अर्धं कानडी अर्धं मराठी, असंच पाऊण तास. शेवटी जुनी दोरी कापून नवीन ओवली, तिला आधी मेण लावलं. घरी येताना दोघांच्या अंगावर कोरडा धागा नव्हता.

आता हा माझा मामा एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून निषेधाच्या फेरीत जातो. दरवर्षी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे, महाराष्ट्राचा दावा 865 गावांवर आहे, आणि सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत सगळं कानडीत वाचायची पाळी आलेली ही माणसं आहेत. जेवताना मी विचारलंच, मामा, तिकडे काळा झेंडा आणि इकडे हा, लोक काही बोलत नाहीत? मामा जेवायचा थांबला. 'काळी फीत सरकारच्या निर्णयाला हाय रे. देशाला न्हवं. ह्या झेंड्यात गुंडाळलेली माझ्या बरोबरची पोरं मी खांद्यावरनं उतरवल्यात, त्यात तमिळ होता, कानडी होता. सीमेचं भांडण मी मरेपर्यंत भांडणार. पण माझी देशभक्ती कुणी तपासायची न्हाई.'

मला हे इथं ठासून लिहायचंय, कारण पुण्या-मुंबईत आणि बेंगळुरूतही सीमाभागातल्या माणसाकडे संशयाने बघणारे भेटतात. राज्यावर रुसलेला माणूस देशावर रुसलेला नसतो. उलट ज्यांना आपलं राज्य मिळालं नाही त्यांच्याकडे आपलं म्हणायला हा तिरंगाच पक्का राहिलाय, म्हणून तर ते त्याला एवढं जपतात. आणि पलीकडच्या माणसाचंही तेच. 1923 मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला तेव्हा पुढे सेवा दल उभारणाऱ्या डॉ. ना. सु. हर्डीकरांची हुबळीकडची पोरं तिथं जाऊन तुरुंगात बसली होती. चरख्याचा झेंडा होता तेव्हा, त्यासाठी कानडी मुलखातली पोरं मराठी मुलखात गेली, आणि आपण त्या दोन मुलखांच्या मधोमध उभं राहून एकमेकांना देशद्रोही म्हणतो याचा मला मनापासून राग येतो.

सकाळी पाऊस होताच. पोरं गणवेशात भिजत उभी, कन्नड शाळेची डावीकडे, मराठीची उजवीकडे. बाईंनी दोरी ओढली, झेंडा सर्रकन वर गेला आणि एका झटक्यात उघडला, ओल्या पाकळ्या सगळ्या पहिल्या रांगेच्या डोक्यावर. राष्ट्रगीत. मग घोषणा दोन्ही भाषांत आणि प्रत्येक पोराच्या हातात बुंदीचा एकेक लाडू.

2021 पासून पॉलिस्टरच्या मशीनमेड झेंड्यालाही परवानगी आहे, स्वस्त पडतो, बेळगावच्या बाजारात ढिगाने होते. शाळेला पुढच्या वर्षी नवा झेंडा लागणार, तर सर आणि बाई दोघंही म्हणाले खादीचाच घ्यायचा, वर्गणी अर्धी अर्धी. मी माझा वाटा देऊन आलो.

आता सव्वीस जानेवारीला परत जाणार आहे. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये ह्याच तारखेला नंदगडला फाशी दिली, ते गाव मामाच्या जवळच. सकाळी झेंडावंदन करून तिकडं जायचं ठरलंय, सर येणार आहेत बरोबर. मामा म्हणाला थंडी मरणाची असते, स्वेटर घेऊन ये आणि आदल्या दिवशीच ये, दोरी बघायला लागते.