मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं?

आमच्या रेंजवर पंचवीस मीटर पिस्तूल शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक पोर आधी दहा मीटर एअर पिस्तूल खेळलेलं असतं, आणि येताना एक खोड बरोबर आणतं. एअर पिस्तुलात एक छर्रा भरायचा, मारायचा, की पुढचा छर्रा घालेपर्यंत ते हत्यार निमूट पडून असतं. पंचवीस मीटरला वापरतात त्या पॉइंट टू-टू (.२२) बोअरच्या पिस्तुलाचं तसं नाही. गोळी सुटली की त्याच धक्क्यानं बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता भाग, मागे जातो, रिकामी केस बाहेर फेकतो आणि पुढे येता येता मॅगझिनमधली (गोळ्यांच्या पेटीतली) पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, ढकलतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. सेमी-ऑटोमॅटिकची सोय ती हीच आणि धोकाही हाच.

म्हणून सुरुवातीला मी नेम शिकवतच नाही, पिस्तूल रिकामं करायला शिकवते. पालक मागे खुर्चीवर बसून चुळबुळतात. फी भरली आणि पोरगं नुसतंच बोल्ट ओढतंय! बसू देत.

क्रम ठरलेला आहे. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढायचं. मग बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये बघायचं, खरोखर बघायचं. मग नारिंगी सेफ्टी फ्लॅग चेंबरमध्ये घालायचा आणि पिस्तूल टेबलावर ठेवायचं. हा क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत ठेवून बोल्ट ओढला, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण बोल्ट सोडल्याबरोबर मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. मग मॅगझिन काढून पोरगं छातीठोकपणे सांगतं, “मॅडम, मॅगझिन काढलंय, रिकामंच आहे.” रिकामं नसतं. काही पिस्तुलांत शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहतो, काहींत राहत नाही, त्यामुळे त्यावरही विसंबायचं नाही. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देताना देणाऱ्यानं चेंबर दाखवायचं आणि घेणाऱ्यानं पुन्हा बघायचं. यात कुणाचा अपमान होत नाही.

दुसरी गोष्ट वळण्याची. मागून कुणी हाक मारली की माणूस अख्खा वळतो आणि हात त्याच्याबरोबर फिरतो. हातात पिस्तूल असेल तर नळी शेजारच्या नेमबाजाच्या जागेवरून, मग मागच्या बाकावरून फिरत जाते. आमच्याकडे नियम साधा आहे: आधी पिस्तूल खाली ठेवा, मग ओ द्या. आणि मागे बसलेल्या आईबाबांनी फायरिंग चालू असताना हाकच मारू नये.

आता ट्रिगरबद्दल. एअर पिस्तूलचा ट्रिगर दाबायला लागणारं वजन कमीत कमी ५०० ग्रॅम असावं लागतं, पंचवीस मीटरला १००० ग्रॅम. दुप्पट वजन म्हटल्यावर पोरं हिसका देतात आणि उजव्या हातानं मारणाऱ्याची गोळी डावीकडे खाली जाते. ताकद वाढवून उपयोग नाही. पकड आधीच घट्ट आणि एकसारखी हवी, हात ग्रिपमध्ये शक्य तितका वर चढलेला, मनगट ताठ. मग बोटाच्या पहिल्या पेराची गादी सरळ मागे यायला हवी, बाकीच्या बोटांना खबर न लागता. नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमखुणेवर. साइट स्वच्छ दिसली आणि टार्गेट धूसर दिसलं तर बरोबर चाललंय. रिकाम्या पिस्तुलावर हा सराव भरपूर करावा, पण स्नॅप कॅप, म्हणजे नकली गोळी, घालून. पॉइंट टू-टू रिमफायर असल्यामुळे, म्हणजे पिन गोळीच्या कडेवर मारून ती पेटते म्हणून, काही पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर पिन चेंबरच्या कडेला आदळते आणि चेंबर खराब होतं.

खरी मजा रॅपिडमध्ये, म्हणजे पंचवीस मीटरच्या वेगवान फेरीत. सात सेकंद थांबायचं, तीन सेकंदात हात वर आणून एकच गोळी मारायची, असं पाच वेळा. थांबायच्या त्या सात सेकंदांत हात तिरपा खाली असतो आणि चेंबरमध्ये गोळी असते. तेव्हा नळी जराही इकडेतिकडे भरकटता कामा नये. हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा, म्हणजे गोळी सुटण्याआधीचा हलका दाब, घ्यायचा. वर पोचल्यावर घाई करणाऱ्याला तीन सेकंद पुरत नाहीत. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये याच प्रकारात ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा फेरीत, सुवर्ण जिंकलं. मुलांना मी त्या फायनलचा व्हिडिओ दाखवते तेव्हा स्कोअरबोर्ड नाही, तिचा हात बघायला सांगते.

ट्रिगर दाबला आणि नुसतं ‘टक्’ झालं तर? बहुतेकांचा पहिला आवेग पिस्तूल तोंडाजवळ आणून बघण्याचा. अजिबात नाही. नळी टार्गेटकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि तसंच थांबायचं. कधीकधी गोळी उशिरा पेटते, म्हणून आम्ही तीस सेकंद मोजतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, ‘फुस्स’ झालं, तर ते जास्त वाईट. गोळी बॅरलमध्येच (नळीतच) अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी मारली तर बॅरल फुगते किंवा फाटते. अशा वेळी बोल्ट ओढून पुढची गोळी भरायची नाही, मला बोलवायचं. रिकामी केस अर्धी बाहेर येऊन बोल्टमध्ये अडकणं हे त्यामानानं किरकोळ. बऱ्याचदा त्याचं कारण सैल मनगट किंवा साफ न केलेलं पिस्तूल. टू-टूच्या गोळीला मेण असतं, त्यात काजळी मिसळून चेंबरजवळ चिकट थर जमतो. ब्रश दिला की मात्र सगळ्यांना क्लासची आठवण येते.

कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा हे सांगावं लागत नाही, पोरांना ते घालून सेल्फी काढायची असते. हात धुवायचे मात्र रोज सांगावं लागतं. गोळी शिशाची, तिची बारीक धूळ बोटांवर बसते आणि सराव संपताच कुणीतरी वडापाव आणलेला असतोच. साबण नळाच्या वर ठेवलाय. आधी तिकडे जा.