वजन जातं कुठं?

गेली अकरा वर्षे मी युरोपच्या सहलींवर सहल व्यवस्थापक म्हणून मराठी पर्यटकांना घेऊन जाते. जर्मनीतल्या कोलोनचे कॅथेड्रल आमच्या कार्यक्रमात जेमतेम तासाभराचे असते. पश्चिमेच्या चौकात सर्वांना उभे करून मी माहिती सांगते, मग सगळे आत एक फेरी मारतात, छायाचित्रे काढतात आणि बस पुढच्या मुक्कामाला निघते. १२४८ साली पायाभरणी, १८८० साली काम पूर्ण, मनोऱ्यांची उंची सुमारे १५७ मीटर, हे मला तोंडपाठ होते आणि तेवढे पुरेसे आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या सप्टेंबरमध्ये निघायच्या वेळी माणसे मोजली, तेव्हा अडतीसच्या जागी सदतीस भरली. सातारा जिल्ह्यातून सुनेबरोबर आलेले पंचाहत्तरीचे आजोबा दिसेनात. त्यांच्याजवळ फोन नव्हता, आणि कॅथेड्रलला लागूनच शहराचे मुख्य रेल्वे स्थानक असल्यामुळे तिथली गर्दी पाहून माझ्या पोटात गोळा आला. आत दोन फेऱ्या झाल्या, लाल झग्यातल्या सेवकांकडे चौकशी झाली, आणि शेवटी बाहेरून वळसा घालताना पूर्वेला, ऱ्हाईन नदीकडच्या अंगाला ते सापडले. एक हात दगडावर टेकवून, मान मागे टाकून ते वर पाहत होते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "ताई, आत खांब एवढे सडपातळ, भिंती सगळ्या काचेच्या. मग वरच्या छताचं वजन जातं कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. आजोबांचे आयुष्य गवंडीकामात गेले होते, हे मला तेव्हा कळले. त्यांनी दोन्ही हातांची बोटे टोकांशी जुळवून छातीपुढे कमान केली आणि मला ती वरून दाबायला सांगितली. मी दाबताच त्यांची कोपरे बाहेर फाकली. मग माझ्यामागून धावत आलेल्या सुनेला त्यांनी वरून दाबायला लावले आणि मला दोन्हीकडून कोपरे धरायला सांगितली. आता कमान जागची हलेना, पण रेटा माझ्या तळहातांना स्पष्ट जाणवत होता. "ते बघा तुमचे हात," असे म्हणून त्यांनी वर बोट दाखवले. बाजूच्या दालनांच्या छपरांवरून तिरप्या झेपावलेल्या दगडी अर्धकमानी मी इतकी वर्षे पाहत आले होते. ४३ मीटर उंचीवरच्या छताचा बाहेरचा रेटा झेलून तो बाहेरच्या जाड खांबांत उतरवणारे ते धिरे आहेत, हे मला त्या क्षणी उमगले. गोल कमानीपेक्षा टोकदार कमान भार अधिक सरळ खाली नेते, हेही आजोबांनी बोटांचा कोन बदलून दाखवले. बाहेरच्या खांबांवरच्या ज्या शिखरांना मी नेहमी नक्षी म्हणत असे, त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, "शोभा असंल, पण आधी ते वजन हाय. तिरका आलेला रेटा ते खाली दाबतंय."

त्यानंतर मात्र माझ्याकडेही सांगण्यासारखे होते. आम्ही उभे होतो तो भाग सर्वांत जुना, १३२२ साली प्रार्थनेसाठी खुला झालेला. सोळाव्या शतकात काम थांबले आणि अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी तशीच उभी राहिली, ती थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत. दर्शनी भागाचा चर्मपत्रावरचा मूळ नकाशा दोन तुकड्यांत सापडला, एक १८१४ मध्ये डार्मस्टाटला आणि दुसरा १८१६ मध्ये पॅरिसला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले ते याच नकाशाबरहुकूम. (मनोरे पूर्ण होत आले होते त्याच सुमारास, १८७८ मध्ये, मुंबईत आपल्या व्हीटी स्थानकाचे गॉथिक वळणाचे बांधकाम सुरू झाले होते.) आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ज्यानं नकाशा काढला त्याचा हात वळखून काम केलं म्हणायचं."

चौकाकडे परतताना एका मनोऱ्याला लागलेली परांची पाहून ते थांबले. काम १८८० मध्ये संपले, तर ही परांची कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात या इमारतीवर चौदा मोठे बॉम्ब पडले, शिवाय पाऊस आणि धूर दगड खातच असतात, म्हणून कॅथेड्रलची स्वतःची कार्यशाळा आहे आणि तिथले पाथरवट आजही झिजलेले दगड काढून नवे बसवतात, असे मी सांगितले. आजोबांचा चेहरा उजळला. जगातल्या एका गावात गवंड्याला कायमचे काम आहे, हे त्यांनी सुनेला दोनदा सांगितले.

बसला पंचवीस मिनिटे उशीर झाला होता. चालकाच्या कामाच्या तासांचे नियम तिकडे कडक असल्यामुळे पुढचा एक थांबा मला रद्द करावा लागला, त्याबद्दल मी सर्वांची माफी मागितली. आजोबांना घेऊन मी घाईने निघाले होते, तरी भिंतीच्या एका कोपऱ्याशी ते पुन्हा वाकले. तिथे काळवंडलेल्या जुन्या दगडाशेजारी एक फिकट नवा दगड बसवलेला होता. दोहोंमधल्या सांध्यावरून त्यांनी अंगठ्याचे नख वरपासून खालपर्यंत हळूहळू फिरवले. "कुठं अडकत नाही," ते म्हणाले, आणि मग बसकडे चालू लागले.