एक कट परत आला

आज तिनं एक कट चहा परत केला.

एवढंच झालं, आणि सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी पोहे बांधून घ्यायचे आणि चहाच्या गुमटीवरून दोन कट तिथल्या पायऱ्यांवर राहणाऱ्या त्या दोघांकडे पाठवायचे, हा माझा नेम. तिनं एक ग्लास उचलला, दुसरा गुमटीवरच्या पोराच्या हातात तसाच ठेवला. ‘वो बसेरे में सो रिया है.’

रैनबसेऱ्याचं, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याचं, त्याला मीच सांगितलं. परवा. खोकून खोकून वाकला होता. तिथे बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, हे मला माहीत होतं की! पण त्यानं यांचं काय अडेल, ते रामबागेतल्या बाईच्या डोक्यात कसं यावं? ती तर जाणारच नाही. रात्री नगर निगमची गाडी थांबली की ती नदीच्या काठाकडे सरकते. 2021 च्या जानेवारीत निगमवाल्यांनी बेघर म्हातारी माणसं गाडीत भरून शहराबाहेर शिप्रा गावाजवळ नेऊन सोडली होती. गावकऱ्यांनी आरडाओरडा केला तेव्हा परत आणली. मी ते पेपरात वाचलं आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. ती त्या गाडीत कुणाला ओळखत होती का, विचारायचा धीर झाला नाही.

तसं त्यांचं गोडीगुलाबीचं कधीच नव्हतं. गेल्या थंडीत त्यानं तिची रजई विकून दारू प्यायली. तिनं भर रस्त्यात चपलेनं हाणलं. चार दिवस दोघं पायऱ्यांच्या दोन टोकांना. पाचव्या दिवशी एकाच रजईत, कुठून आणली देव जाणे. भांडूनसुद्धा पायऱ्या सोडल्या नव्हत्या. माझ्या एका शहाणपणानं सुटल्या.

मधे पडायला नको होतं. मग काय, खोकू द्यायचं होतं?

आमच्या घरी रजया चार. यांचा फोन रविवारी, रात्री आठला. ‘जेवलीस का?’ मी नऊला जेवते, हे एकोणतीस वर्षांत... जाऊ दे.

संध्याकाळी वाकडी वाट करून गेले. ती पायरीवर, शेजारी त्याची पिशवी, पिशवीच्या बंदात मनगट अडकवलेलं. ‘आंटी, उसको बोलना, खाँसी मिट गई हो तो आ जा. नी तो मत आ.’

मी म्हटलं, तूच जा की दारापर्यंत.

‘मैं क्यूँ जाऊँ?’ मान अशी उडवली, थेट आमची आई! मला हसूच फुटलं.

निघताना गुमटीवाल्यानं विचारलं, कल एक भेजूँ या दो? दोनच, म्हटलं. उरला तर मी पिईन, साखर बंद असली तरी.