तोर्ता, हळदीशिवाय

रविवार, रात्री उशिरा

आज माशाला हळद लावली नाही. तोर्त्यात, म्हणजे इथल्या फिलिपिनो आमलेटात, ती नसतेच, त्यामुळे बिघडलं काहीच नाही. पण मिसळणाच्या डब्याकडे हात वळलासुद्धा नाही, हे जेवणं उरकून ओटा पुसताना लक्षात आलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

पालेंकेत, म्हणजे इथल्या बाजारात, ताजा दुलोंग आला होता. नखाएवढे पारदर्शक मासे, दिसतात ते फक्त डोळ्यांचे काळे ठिपके. आपला जवळा कोळंबीच्या भावकीतला, हे खरेखुरे मासे. डोकं काढा, पोट साफ करा अशी भानगडच नाही. बारीक गाळणीत धुतले आणि चांगले निथळू दिले, नाहीतर तव्यावर पाणी सुटत बसतं. कांदा, लसूण, टोमॅटो, मीठ, मिरपूड, वरून फेटलेली अंडी. गरम तेलात डावभर घातलं की पारदर्शक मासे बघता बघता पांढरेफेक होतात, कडा कुरकुरीत झाल्या की उलटायचं. रात्रीच्या भाताचं लसूण घालून सिनांगाग, म्हणजे परतलेला भात, केलं. घरभर छान वास सुटला होता. आणि मी हळद विसरले. विसरले तरी कसं म्हणू?

इथे आले तेव्हा बांगूस माशालाही हळद-मीठ चोळून ठेवायचे. शेजारच्या आते (इथे ताईला आते म्हणतात) पिवळी बोटं बघून हसायच्या. तेव्हा राग यायचा. आता बोटं स्वच्छ आहेत, तर त्याचंही वाईट वाटतंय.

मग काय काय सुटलं ते आठवत बसले. श्रावण कधी लागतो ते कॅलेंडर बघून कळतं. वेंगुर्ल्याच्या घराचं... नको, तो विषय आज नकोच. पण हात? हाताला कुणी सांगितलं होतं बदलायला?

ह्यांनी सवयीप्रमाणे तोर्त्यावर केळ्याचं केचप ओतलं. ते केलं मारिया ओरोसा या इथल्या अन्नशास्त्रज्ञ बाईनं, टोमॅटोची टंचाई म्हणून. बाई बातांगास प्रांतातल्या ताल गावची, सिॲटलला शिकून 1922 साली परत आली आणि इथल्याच फळा-कंदांवर प्रयोग करत राहिली. 1945 च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत गेली. मनिलाच्या एर्मिता भागात तिच्या नावाचा रस्ता आहे, तिथून कितीदा गेलेय. तिकडे सिॲटलला स्वयंपाक करताना तिचा हात कशाकडे जात असेल? आणि जायचा थांबला असेल का कधी? नसेल. आम्हीच मेले कच्चे.

आईला फोनवर सांगितलं. वाटलं, हळहळेल.

"हळद नाही? मग हिवसाण नाही आली?"

"कलामान्सी पिळलं वरून, इथलं छोटं लिंबू."

"मग झालं की गो. भात होता ना सोबत?"

संपला विषय. मी संध्याकाळपासून जीव जाळतेय आणि हिला भाताची काळजी! पुढे बराच वेळ कामवालीच्या सुट्ट्या. मग मध्येच म्हणे, ते केळ्याचं केचप लाल कसं? म्हटलं, रंग घालतात. तर म्हणे, येताना एक बाटली आण, तुझ्या बाबांना टोमॅटोचं सांगून वाढते.

म्हणजे बॅगेत पुन्हा बाटली. गेल्या वेळी पाटीसची, म्हणजे माशाच्या खारट सॉसची, बाटली फुटली होती, त्या पैठणीला अजून खारवलेल्या माशाचा वास येतो. ती बाटली न्यायला कोणी लावली होती, ते इथे लिहीत नाही.